कड्याखालचं माहेर

मित्रांनो, मला पाय तीन आणि डोळा एकच, पण म्हणून घाबरू नका. मी एक जुनी दुर्बीण आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, जिथे मावळ संपतो आणि खाली एकदम कोकण सुरू होतं, तिथे कड्याच्या कठड्याशी मी उभी असते. माझी पितळी नळी आता काळवंडली आहे. एका पायाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे. चित्र स्पष्ट करायला जी कडी फिरवतात, तीही हल्ली अडकत अडकत फिरते. पण डोळा शाबूत आहे, आणि दुर्बिणीला म्हातारपणी तेवढं पुरतं.

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण तुम्ही शाळेत वहीभर लिहिली असेल. मला ती म्हण मुळीच आवडत नाही. डोंगर दुरून साजरे असतात हे खरं, पण जवळून ते त्याहून साजरे असतात, आणि लोकांना हे पटवण्यातच माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म पुण्यात, पेठेतल्या एका बोळातल्या लहानशा कारखान्यात झाला. तिथले कारागीर काच घासायचे, फुंकर मारायचे, उजेडाकडे धरायचे आणि मान हलवून पुन्हा घासायला घ्यायचे. किती घासलं मला! तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्या घासण्यावरच मी आजवर जगले. माझ्याबरोबर तयार झालेली एक दुर्बीण कुठल्याशा कॉलेजच्या कपाटात जाऊन बसली. तिने त्या कपाटाच्या दाराखेरीज फारसं काही पाहिलं नसावं. माझं नशीब मात्र लोणावळ्याशेजारच्या वलवण गावच्या सोपानआबांच्या रूपाने दुकानात चालत आलं.

सोपानआबा नोकरीतून मोकळे झाले होते आणि घरात नुसतं बसून राहणं त्यांना जमत नव्हतं. "लांबचं दावनारी द्या," ते दुकानदाराला म्हणाले, "जवळचं माजं मला दिसतंय." त्यांनी मला गोणपाटात गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेतलं आणि थेट या कड्यावर आणलं. गोणपाट सोडलं, माझे पाय रोवले, डोळ्यावरचं टोपण काढलं. माझ्यापुढे जमीनच नव्हती!

बोळात वाढलेली मी. समोरच्या घराच्या भिंतीपलीकडे काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. इथे भिंत होती ती माझ्या पायाखाली. काळ्या कातळाची ती भिंत सरळ खाली उतरत गेली होती, इतकी खाली की मध्येच घिरट्या घालणाऱ्या घारीची पाठ मला वरून दिसत होती. मित्रांनो, घारीची पाठ कधी पाहिली आहे का? खालची माणसं नेहमी तिचं पोटच पाहतात. त्या दिवशी तिच्या पाठीवर ऊन पडलेलं मी पाहिलं. तिच्याखाली जंगल, जंगलाखाली भाताची खाचरं, आणि पार पुढे निळ्या धुरकटात विरत गेलेलं कोकण. मला वाचा असती तर मी ओरडलेच असते. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

गावची माणसं या जागेला फेकपाण्याचा कडा म्हणतात. पावसाळ्यात इथला ओहोळ कड्यावरून खाली उडी घेतो आणि कोकणातून चढून येणारा वारा त्याला अर्ध्या वाटेतून उचलून पुन्हा वर फेकतो. पाणी आभाळाकडे पडताना मी स्वतःच्या डोळ्याने पाहिलं आहे. एकदा नाही, दर पावसाळ्यात. तरी दर वेळी मला वाटतं, आपल्याला कुणीतरी उलटं तर धरलं नाही ना? पाहुणे मंडळींनी या जागेला विंड पॉइंट असं नाव ठेवलं आहे. वारा दोन्ही नावांना सारखाच ओ देतो.

त्या दिवसापासून माझं काम सुरू झालं. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायची. मुंबईची, पुण्याची, गुजरातेतली, कुठकुठली माणसं यायची. कुणी चुकीचा डोळा मिटायचं आणि "काळोख दिसतोय" म्हणून तक्रार करायचं. कुणी स्वतःच्याच पापण्या बघून "जंगल फार दाट आहे" म्हणायचं. पण मग आबा कडी फिरवायचे, नागफणीचा सुळका झपकन समोर यायचा, आणि त्या माणसाच्या तोंडून एक आवाज निघायचा. "आई गं!" म्हणा, "अरे बाप रे!" म्हणा, किंवा नुसता आत ओढलेला श्वास म्हणा. भाषा कोणतीही असो, आवाज एकच. मोठे साहेब आणि शेंबडी पोरं माझ्यापाशी सारख्याच तोंडाने उभी राहिली आहेत, तोंड उघडं टाकून. माझी खरी कमाई तो आवाज आहे.

पुढे नशिबाने चेष्टा केली. दुसऱ्यांना लांबचं दाखवता दाखवता आबांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कड्यावर शेजारीच काकड्या आणि आवळे विकायला बसणारी मंगल त्यांना लेकीसारखी होती. ती मागच्या ठाकरवाडीतली सून. आबांनी माझं टोपण तिच्या हातात ठेवलं. "पोरी, आता हिचा डोळा नि तुजा डोळा," म्हणाले, आणि काठी टेकत घरी गेले. मी त्या रात्री मंगलच्या घरात, तांदळाच्या कणगीशेजारी झोपले. तिने मला तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं.

मंगल म्हणजे आबांपेक्षा वेगळंच प्रकरण. आबा मोजकं बोलायचे, हिच्या तोंडाला खळ नाही. "या ताई, या दादा, लाइन से आओ! नागफणी बघा, धबधबा बघा, रेल्वेचा बोगदा बघा!" असं सगळं दाखवून झालं की ती माझं तोंड कड्याच्या थेट पायथ्याकडे वळवायची. तिथे एका मोठ्या आंब्याखाली चारदोन घरांची वाडी होती. "आणि हे शेवटचं," मंगल मोठ्या ऐटीत सांगायची, "हे माझ्या सासूबाईंचं माहेर!" लोक हसायचे. कुणी गमतीने त्या वाडीला हात करायचे. नागफणी आणि धबधबा विसरून लहान मुलं त्या अंगणातल्या कोंबड्याच बघत बसायची.

आणि गंमत अशी, मित्रांनो, की ज्यांचं ते माहेर, त्या सारजाबाई तिथेच दहा पावलांवर शेंगा उकडत बसलेल्या असायच्या. दरीकडे पाठ करून. अख्खा मुलूख जो देखावा बघायला गाड्या भरभरून येतो, त्याच्याकडे पाठ आणि तोंड डांबरी रस्त्याकडे. माझ्या डोळ्याला त्यांनी कधी डोळा लावला नाही. कुणी पाहुण्याने विचारलंच, "आजी, तुम्ही नाही का बघत?" तर म्हणायच्या, "मला काय करायचंय बघून? मी तितलीच हाय."

हे असं का, ते मला मंगलच्या बोलण्यातून हळूहळू कळलं.

सारजाबाईंना एकच भाऊ, कान्हू. त्यांच्याहून थोरला. कड्यातून एक नाळ खाली उतरते, म्हणजे पाण्याने कापलेली उभी दगडी वाट. त्या वाटेने कान्हूभाऊ दर भाऊबीजेला वर यायचे, ओवाळून घ्यायचे, बहिणीच्या हातची करंजी खायचे आणि दिवस कलायच्या आत उतरायचे. मग सारजाबाईंच्या मुलाचं, माऊलीचं, मंगलशी लग्न ठरलं. आपल्याकडे लग्नात मामाचा मान मोठा. नवऱ्या मुलाला मांडवात आणायचं ते मामाने, पाठीशी उभं राहायचं ते मामाने. कान्हूभाऊ तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन पहाटेच निघाले होते. पण वैशाखाच्या शेवटी ढग कड्याला टेकतात तसे टेकले, नाळ पांढरी झाली, पुढचा दगड दिसेना. वर भटजींना दुसरं लग्न गाठायचं होतं. ते घाई करू लागले. कुणीतरी म्हणालं, लांबचा का होईना, मामाच आहे की हा, करा उभा. अक्षता पडल्या. त्या पडत असतानाच कान्हूभाऊ ओलेचिंब होऊन मांडवाच्या दारात आले, आणि आपल्या जागेवर दुसरा माणूस उभा असलेला त्यांनी पाहिला.

ते रागावले नाहीत, भांडलेही नाहीत. पोतं ओट्यावर ठेवलं आणि पाण्याचा थेंब न घेता आल्या वाटेने परत उतरले. तेव्हापासून ते वर आले नाहीत. सारजाबाईंनी निरोप धाडले, उत्तर आलं नाही. मग त्याही इरेला पेटल्या. "भाऊबीजेला भावानं यायचं आसतं. मी का जाऊ?" असं म्हणता म्हणता त्यांचे गुडघे गेले, तिकडे कान्हूभाऊंचेही पाय थकले, आणि नाळ दोघांनाही परकी झाली. खालच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. भाऊबीज आली की सारजाबाई संध्याकाळी दारात उभ्या राहून चंद्राला ओवाळायच्या. ज्या बाईला भाऊ नाही, तिने चंद्राला ओवाळावं अशी रीत आहे. मंगलला ते बघवायचं नाही. भांडण तिच्याच लग्नात झालेलं, आणि मामेसासऱ्यांच्या पाया पडायचं तेवढं राहून गेलेलं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला खालच्या वाडीतली सरूबाई करांदे, म्हणजे रानातले कंद, विकायला नाळ चढून आली. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "कान्हूभाऊ आंगनाच्या भायेर पडत न्हाई आता. दोन पावलं टाकली की दम लागतो. डागतर म्हनतो, जपा."

सारजाबाईंचा हात शेंगांच्या पातेल्यातच थांबला. "माजं नाव काढलं का त्यानं?"

"न्हाई बा. त्यो काय काढतोय?"

त्या दिवशी सारजाबाईंच्या शेंगा इतक्या शिजल्या की लगदा झाला. मला कळून चुकलं, आता वेळ थोडा आहे. हा भाऊ असाच गेला, तर या बाईला जन्मभर चंद्रालाच ओवाळावं लागेल.

मग दिवाळी आली. सुट्ट्यांची गर्दी उसळली. भाऊबीजेच्या सकाळी हवा अशी धुतल्यासारखी स्वच्छ होती की खालच्या आंब्याच्या फांद्या वेगवेगळ्या दिसत होत्या. मंगलने रांगेतल्या लोकांना थांबवून ठेवलं आणि सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एकडाव बघा तरी. आज भाऊबीज हाय."

"मला काय बघायचं त्यात? लोकास्नी दाव तू."

"लोकास्नी रोजच दावते. समद्या मुलखानं तुमचं म्हायेर बघितलं, तुमी सोडून!"

हे वाक्य बरोबर जागी बसलं. सारजाबाई गुडघ्यांवर हात रोवून उठल्या. माझ्याजवळ आल्या. हाताला शेंगांच्या पाण्याचा वास होता. सगळ्यांसारखाच आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर. "नुसतं आभाळ हाय ग," म्हणाल्या. मंगलने मला हळूच खाली झुकवलं.

"थांब! थांब, हलवू नगंस." त्यांचा श्वास माझ्या काचेवर येऊ लागला. "ह्यो आंबा... आमचा आंबा ह्यो! केवढा झालाय ग! आन् ही हीर. पत्रं घातल्यात घराला, कवा घातलं? मला कुनी सांगितलं बी न्हाई." मित्रांनो, माझ्यातून आजवर हजारो माणसांनी दरी पाहिली, पण अशी कुणी पाहिली नव्हती. बाकीचे माझ्यातून डोंगर बघतात. सारजाबाई घराची चौकट बघत होत्या, चुलीचा धूर बघत होत्या, अंगणातला तो दगड बघत होत्या ज्यावर बसून त्यांच्या आईने त्यांची वेणी घातली असेल. इतकी वर्षं मी ते सगळं दाखवत होते आणि त्यात काय काय आहे हे मलाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात घराच्या दारातून एक म्हातारा बाहेर आला. वाकलेला, भिंतीला धरून.

"दादा," सारजाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. शेजारच्या बाजेवर बसलेल्या माणसाशी बोलावं, इतक्या हळू म्हणाल्या. "किती वाळलास रे." आणि त्यांनी हात वर केला.

कान्हूभाऊ क्षणभर उभे राहिले, वळले, आणि पाठ करून आत गेले.

सारजाबाई माझ्यापासून झटक्यात दूर झाल्या. "बघितलंस? मला बघितलं आन् आत ग्येला."

"आवो आत्याबाई, त्यास्नी कशा दिसनार तुमी? हिकडनं तिकडचं दिसतं. तिकडनं न्हाई."

"मला कळतंय ग ते. येडी न्हाई मी. पर पाठ केली का न्हाई त्यानं?"

त्यांना हसू नका. माणूस इतका जवळ आला की तो आपल्याकडे बघत नाहीये हे डोक्याला कळतं, मनाला कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची भीती वाटली. सारजाबाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मंगलचा चेहरा उतरला. रांग चुळबुळ करू लागली, तेव्हा तिने पुढची पाळी दिली.

पाळी होती कामशेतहून आई-वडिलांबरोबर आलेल्या कोमलची. कॉलेजात जाणारी, चुणचुणीत मुलगी. मी अजून वाडीकडेच रोखलेली होते.

"काकू, खाली अंगणात कुणीतरी पाट मांडलाय," कोमल म्हणाली. "एक बाई बाजूने रांगोळी काढतेय. मस्त! आता एक आजोबा आलेत. पांढरी टोपी घातलीये, नवी दिसतेय. बसले पाटावर." मग तिचा आवाज बदलला. "ती बाई आत गेली. पण मग यांना ओवाळायला कुणीच नाहीये का?"

सारजाबाई कधी उठल्या आणि कधी आल्या, मला समजलंच नाही. गुडघे बहुतेक जागेवरच विसरून आल्या असाव्यात. "तोंड कुनीकडं हाय त्याचं?"

"इकडे," कोमल म्हणाली. "अगदी सरळ आपल्याकडे."

कोमलचे वडील बाजूला उभे होते. सरळ स्वभावाचे गृहस्थ. ते म्हणाले, "आजी, ओवाळताना भावाला पूर्वेकडे तोंड करूनच बसवतात. आणि कडा त्या वाडीच्या पूर्वेला आहे, म्हणून तसं वाटतंय."

ते खोटं बोलत नव्हते. सारजाबाईंनी त्या गृहस्थांकडे नीट पाहिलं.

"आसंल," म्हणाल्या. "पर मी बी पूर्वेलाच हाय की."

मंगल धावतच टोपलीकडे गेली. सासूला न सांगता तिने घरून ताम्हण, निरांजन, कुंकू, अक्षता आणि करंज्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. पण फेकपाण्याच्या कड्यावर निरांजन लावणं म्हणजे वाऱ्याची थट्टा! काडी ओढली की विझायची. कोमल आधी पुढे झाली, मग तिची आई, मग रांगेतली सगळीच माणसं. कुणी ओढणी धरली, कुणी छत्री उघडली, एका जाडजूड पाहुण्याने आपलं जाकीट काढून आडवं धरलं. माझ्याभोवती माणसांची भिंत उभी राहिली आणि आत ज्योत सरळ झाली.

मग सारजाबाईंनी डोळा माझ्या डोळ्याला लावला, उजव्या हातात ताम्हण घेतलं आणि माझ्या नळीभोवती ओवाळायला सुरुवात केली. ताम्हण माझ्या पुढच्या काचेवरून गोल गोल फिरत होतं. त्यांना दिसत होता पाटावर बसलेला भाऊ. हात पुढे करून त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं, ते माझ्या काचेच्या बरोबर मध्यावर. वर अक्षता लावल्या. आजवर माझ्या काचेला लोकांनी काय काय लावलं आहे, चहा, मक्याचं लिंबूमीठ, च्युइंगगम. कुंकू पहिल्यांदाच लागलं. पुढच्या काचेला काही लागलं तरी माझं चित्र मोडत नाही, जरा मंद होतं एवढंच. कान्हूभाऊ त्या मंद उजेडात तसेच बसून होते. भिंत करून उभ्या असलेल्या माणसांतलं कुणी हललं नाही. त्या मोठ्या दरीकडे त्या वेळी कुणी बघतही नव्हतं.

ओवाळून झालं की भावाचं तोंड गोड करायचं. सारजाबाईंनी करंजी उचलली आणि हात समोर केला. हात माझ्या पितळेवर आदळला. करंजीचा तुकडा तुटून खाली कातळावर पडला.

त्यांनी डोळा काढला. हातातल्या अर्ध्या करंजीकडे बघितलं, मग कठड्यापलीकडे, जिथे साध्या डोळ्यांना हिरव्यात फक्त एक ठिपका दिसत होता.

"हात कुटं पोचतोय माजा?" त्या म्हणाल्या. मग एकदम ठसक्यात, "मंगल, माऊलीला फोन लाव. म्हनावं, आसशील तितनं जीप घिऊन ये."

"आवो, आज शिजनचा दिवस. पॉइंट दावायला गिऱ्हाईक आसंल जीपमदी."

"गिऱ्हाईकाला म्हनावं, आज पॉइंट ऱ्हाऊ दे. आज आयला म्हायेरला न्यायचंय."

माऊली आला. आईचा चेहरा बघून त्याने सरळ जीपचं दार उघडलं. वाडी पायाखालीच होती, पण गाडीला जायचं तर खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली गाठायची आणि तिथून सगळा डोंगर फिरून यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याहून खरं मी कधी पाहिलं नाही. सारजाबाई पुढच्या सीटवर ताम्हण मांडीवर घेऊन बसल्या. दिवाळीची गर्दी होती, घाटात गाड्या तुंबलेल्या होत्या. कोमलने हात केला. जीप वळणावर दिसेनाशी झाली.

दिवसभर मंगलच्या तोंडची बडबड बंद होती. ती लोकांना नागफणी दाखवायची, बोगदा दाखवायचा तो विसरायची, आणि मध्येच मला खाली वळवून स्वतः बघायची. अंगण रिकामं होतं. पाटही आत गेला होता. उन्हं पश्चिमेला कलली, रांगेतले लोक घड्याळं बघू लागले, तरी अंगण रिकामंच. एवढा उशीर का, हा प्रश्न तिला पडला होता आणि मलाही. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं.

शेवटी तिने पुन्हा डोळा लावला, आणि मला तिचा श्वास थांबलेला जाणवला. आंब्याच्या बाजूने माऊली येत होता. त्याच्या खांद्याला धरून, दर चार पावलांनी थांबत, सारजाबाई येत होत्या. दारात आवाज झाला असावा, कारण कान्हूभाऊ भिंत धरून बाहेर आले. दोघं समोरासमोर उभी राहिली. मग म्हातारा स्वतःच आत गेला, आणि मंगलने डोळे मिटून घेतले. तिने उघडले तेव्हा तो पाट घेऊन बाहेर आला होता.

सगळं यथासांग झालं. ताम्हण फिरलं, कुंकू या वेळी कपाळाला लागलं. करंजी तोंडात गेली आणि हात तिथेच गालावर राहिला. मग सारजाबाईंनी मान वर करून भावाला कड्याकडे बोट दाखवलं. त्यांना मी दिसणं शक्यच नव्हतं, पण बोट बरोबर माझ्यावर होतं. कान्हूभाऊंनी कपाळावर आडवा हात धरला आणि वर पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यात.

मंगल दचकून मागे झाली. तिने घाईघाईने पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि तिथेच खाली वाकून, कठड्यापुढच्या मोकळ्या हवेच्या पाया पडली.

"काय झालं हो? काय दिसतंय?" मागच्या पाहुण्याने विचारलं.

"शूऽऽ," मंगल म्हणाली. "मामंजी बघत्यात."

सारजाबाई काही दिवसांनी परत आल्या, त्या माहेरची शिदोरी घेऊनच. त्यांनी भावाला विचारलं होतं, 'पाटावर बसून माज्याकडं बघत हुतास ना?' कान्हूभाऊंनी काय उत्तर द्यावं? 'मी कशाला तुज्याकडं बघू? पूर्वेकडं बघत हुतो.' हे उत्तर सारजाबाई आता येईल त्या गिऱ्हाइकाला हसत हसत सांगतात, शेंगांबरोबर फुकट. कान्हूभाऊंना दम अजून लागतोच. पण महिन्यातून एकदा माऊलीची जीप डोंगराला वळसा घालते, आणि त्या दिवशी माऊली कुणालाही पॉइंट दाखवत नाही.

तर मित्रांनो, तुम्ही कधी या कड्यावर आलात तर माझ्यावर एवढी कृपा करा. माझी काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, तिला ओरखडे पडतात. माझ्यावर लोंबकळू नका, माझे पाय म्हातारे आहेत. कठड्यावर चढू नका आणि बाटल्या दरीत फेकू नका, खाली कुणाचं तरी अंगण असतं. मी दाखवीन ते मात्र डोळे भरून बघा. आणि बघताना एखादं ओळखीचं दार दिसलंच, तर नुसतं बघून परत फिरू नका. मी माणूस तुमच्या डोळ्यापाशी आणून ठेवीन, तो माझा धंदाच आहे. त्याच्या तोंडात करंजी घालायला मात्र तुम्हालाच जावं लागेल.